मडगावचं जुन्या नाण्यांचं दुकान : सुरुवातीच्या अमेरिकन सोन्याचा नाद असेल तर एकदा जाच

अमेरिकेची अगदी सुरुवातीची सोन्याची नाणी, म्हणजे १७९५ ते १८३४ मधली, यांचा नाद असलेलं किंवा लागू पाहणारं कोणी गोव्यात असेल तर त्याने मडगावला या दुकानात जावं असं मी अगदी मनापासून सांगते. पिंपळकट्ट्याच्या आसपासच्या गल्लीत आहे, बाहेर पाटी आहे ती घड्याळ दुरुस्तीची. दुकानाचं नाव लिहू नको असं दुकानाच्या मालकांनी, सगळे त्यांना भाई म्हणतात, स्वतः सांगितलंय, सोन्याचा माल आहे, चार लोकांना कळलं की चाळीस येतात त्यातले पाच नको ते, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. ज्याला खरंच जायचंय त्याने मेसेज करा, मी पत्ता देते.

आधीच सांगते, तिथे जाऊन १७९५ चं पाच डॉलरचं नाणं मिळेल असं समजून जाऊ नका. मिळणार नाही. गोव्यात जुन्या घरांतून अमेरिकन सोनं निघतं ते बहुतेक नंतरचं, लिबर्टीचं म्हणजे स्वातंत्र्यदेवीचं डोकं असलेलं किंवा इंडियन हेड, तारवट्यांनी बोटीवरून आणलेलं नाहीतर कोणाच्या तरी आजीच्या गळ्यात ओवलेलं. सुरुवातीच्या काळातलं इथे मी तरी पाहिलेलं नाही, आणि जगातही ते थोडंच उरलंय. मग या दुकानात जायचं कशाला? तर शिकायला, आणि त्या काळात अमेरिकेत जे सोनं खरोखर हातोहात फिरत होतं ते हातात घ्यायला. त्यावर पुढे येते.

मी गेले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त हाफ ईगल, म्हणजे ते पाच डॉलरचं नाणं, होतं. भाईंनी "यो गे बाय, बस" म्हणून स्टूल पुढे केला आणि मला काय पाहिजे ते विचारायच्या आधी मला काय माहीत आहे ते विचारलं. मला हे फार आवडलं कारण पणजीत एका ठिकाणी (नाव नको) मी हाच विषय काढल्यावर त्या माणसाने लगेच ड्रॉवरमधून एक पिवळंजर्द काहीतरी काढून "रेअर पीस मॅडम" म्हणून भाव सांगितला होता. इथे तसलं काही नाही. भाईंनी सरळ विचारलं, १७९२ च्या कायद्यात दहा डॉलरच्या ईगलचं वजन किती ठरवलं होतं? २७० ग्रेन, म्हणजे आपल्या हिशोबाने साडेसतरा ग्रॅम, बावीस कॅरेट. हाफ ईगल म्हणजे पाच डॉलर ते पावणेनऊ ग्रॅम, क्वार्टर ईगल म्हणजे अडीच डॉलर ते ४.३७. आपल्या लोकांना गिन्नी माहीत असते, ती ७.९८ ग्रॅमची आणि तीही बावीस कॅरेट, म्हणजे जुनं हाफ ईगल गिन्नीपेक्षा पाऊण ग्रॅमने जड. हे एवढं जरी पाठ असलं तरी अर्धे ठग दारातच गळतात असं भाई म्हणतात, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

आता ही नाणी एवढी दुर्मिळ का, हे भाई ज्या पद्धतीने समजावतात त्यासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन. पहिली हाफ ईगल्स ३१ जुलै १७९५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून निघाली, ७४४ नग. मग सप्टेंबरात ईगल, आणि १७९६ मध्ये क्वार्टर ईगल. त्या पहिल्या क्वार्टर ईगलवर पुढच्या बाजूला तारेच नाहीत, अशी फक्त ९६३ पाडली, मग त्याच वर्षी तारे घालून परत पाडली. टांकसाळीकडे स्वतःचं सोनं नव्हतंच, बँका आणि व्यापारी सोनं आणून द्यायचे आणि त्याची नाणी घेऊन जायचे. आणि खरी गोम कायद्यातच होती, त्यात एक भाग सोनं म्हणजे पंधरा भाग चांदी असा भाव धरला होता, युरोपात मात्र सोन्याला त्याहून जास्त चांदी मिळायची, साडेपंधराच्या आसपास. मग व्यापारी काय करणार? सोनं बोटीत घालून बाहेर. बाहेर गेलं की वितळलं. शेवटी १८०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या काळात दहा डॉलरचं ईगल पाडणंच बंद केलं ते एकदम १८३८ मध्ये परत सुरू झालं. मधल्या काळात पाच डॉलरचं चालू राहिलं, पण लोकांच्या हातात ते फारसं येतच नव्हतं, पाडलं की गेलं.

१८२२ च्या हाफ ईगलची गोष्ट तर भाईंच्या तोंडून ऐकावी. पाडली १७,७९६, आज ठाऊक आहेत तीन. त्यातली दोन स्मिथसोनियन संग्रहालयात, म्हणजे ती कधी विकायला येणारच नाहीत, आणि तिसरं २०२१ च्या मार्चमध्ये ८४ लाख डॉलरला गेलं. हे सांगताना भाई आवाज वगैरे चढवत नाहीत, उलट लगेच म्हणतात की हे आपल्याला घ्यायचं नाही, पण सतरा हजारांतली तीनच का राहिली हे ज्याला कळलं त्याला बाकीचं सगळं कळलं.

आणि मग त्यांनी तिजोरीतून काढला तो ‘जो’.

पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव, त्याचं ६४०० रेइशचं सोन्याचं नाणं, १७४९ सालचं, राजाच्या मुखवट्याखाली आर अक्षर म्हणजे रिओच्या टांकसाळीचं. ब्राझीलच्या खाणींचं सोनं. मागे मुकुट आणि ढाल. मूळ वजन साधारण १४.३४ ग्रॅम, बावीस कॅरेट. अमेरिकेत याला हाफ जो म्हणायचे, बोलताना नुसतंच जो सुद्धा, आणि वसाहतींच्या काळात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन सगळीकडे मोठ्या व्यवहारात हेच सोनं चालायचं. आठ डॉलर. अमेरिकेची स्वतःची टांकसाळ उघडायच्या आधी आणि उघडल्यावरही. १७९३ च्या फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने कायदा केला त्यात ब्रिटन आणि पोर्तुगालच्या सोन्याच्या नाण्यांचा भाव दर २७ ग्रेनला एक डॉलर असा बांधून दिला. आता वरचं वजन आठवा, ईगल २७० ग्रेनचं आणि दहा डॉलरचं. म्हणजे तोच हिशोब! तोच कस, तेच वजन, डॉलरला २७ ग्रेन. कायद्याच्या दृष्टीने पोर्तुगीज सोनं आणि अमेरिकन सोनं तराजूवर बरोबरीचं होतं. परदेशी नाण्यांची कायदेशीर मान्यता कायमची गेली ती १८५७ मध्ये.

हे ऐकल्यावर माझा या सगळ्या विषयाकडे बघायचा कलच बदलला. सुरुवातीचं अमेरिकन सोनं म्हणून आपण ज्याच्यामागे धावतो ते गरुडाचं नाणं त्या काळच्या साध्या अमेरिकन माणसाने क्वचितच पाहिलं असेल, त्याने पाहिला तो जो. आणि जो आपल्याला गोव्यात मिळू शकतो, कारण ज्या राजाचं राज्य तिकडे ब्राझीलमध्ये त्याचंच इकडे. एवढं जवळचं असून आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मला तरी हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेतले सोनार या जोंचं काय करायचे तेही भाईंनी दाखवलं, फोटो काढून ठेवलेत त्यांनी एका वहीत. कडा कातरून सोनं चोरणारे लोक होते, त्यामुळे सोनार नाणं तोलायचा, कमी भरलं तर मध्ये सोन्याचा ठिपका ठोकून वजन पुरं करायचा, जास्त भरलं तर कातरायचा, आणि मग स्वतःचं चिन्ह उमटवायचा की हे वजन मी पाहिलंय. न्यूयॉर्कचा एफ्रेम ब्रॅशर त्यातला सगळ्यात नावाजलेला, ईबी असा शिक्का. त्याने स्वतः १७८७ मध्ये पाडलेलं डबलून नावाचं सोन्याचं नाणं २०२१ च्या जानेवारीत ९३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. त्याचा शिक्का असलेला जो कुणी तुम्हाला स्वस्तात दाखवला तर आधी शिक्का खोटा समजा, खऱ्या नाण्यावर खोटा शिक्का मारणं सगळ्यात सोपं आहे, हा भाईंचा सल्ला.

आता सर्व्हिसबद्दल. तुम्ही तुमचं नाणं घेऊन गेलात तर भाई २०० रुपये घेऊन ते तपासून देतात आणि तुमच्यासमोर तपासतात, आत घेऊन जात नाहीत, हे फार महत्त्वाचं. आधी काटा. मग दहापट भिंग आणि कॉम्प्युटरला जोडलेला छोटा मायक्रोस्कोप. मग पाण्यातलं वजन, म्हणजे नाणं बारीक दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवायचं आणि किती हलकं भरतं ते बघायचं. त्या जोचं कोरडं वजन १४.३० भरलं, पाण्यात ०.८१ कमी. भागाकार केला की १७.६ च्या वर येतं. बावीस कॅरेटला साडेसतरा ते अठराच्या मधलं काहीतरी यायला पाहिजे, किती ते सोन्यात तांबं जास्त आहे की चांदी त्यावर. अमेरिकेच्या १७९२ च्या कायद्यात हीण म्हणून चांदी आणि तांबं दोन्ही चालायचं, चांदी निम्म्याच्या वर नको एवढीच अट, म्हणून त्या काळची काही नाणी किंचित हिरवट पिवळी दिसतात आणि गिन्नीचा लालसर रंग डोक्यात धरून बसलं तर उगाच शंका येते. अ‍ॅसिड मात्र भाई लावत नाहीत, घासतही नाहीत. कसोटीवर घासलं की सोनं कळतं पण नाणं मेलं, असं त्यांचं स्वच्छ मत. आपल्याकडे लोक पहिलं सोनाराकडे धावतात आणि तो बिचारा त्याच्या सवयीने घासतो, किंवा चकचकीत करून देतो. कृपा करून हे करू नका. जुन्या सोन्याला पॉलिश केलं की ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याची प्रत ठरवून देणाऱ्या कंपन्या, आकडा देतच नाहीत, नुसतं डिटेल्स लिहून पाठवतात आणि किंमत धाडकन पडते.

ओरखड्यांवर तर भाईंनी मला अर्धा तास दिला असेल. सुरुवातीच्या अमेरिकन सोन्यावर कधीकधी समांतर रेघा दिसतात, कडेला किंवा मधोमध, नवीन माणसाला वाटतं कोणीतरी खराब केलंय. ते टांकसाळीतलंच काम. चकती जड भरली की ठसा मारायच्या आधी कानस फिरवून वजनाला आणायचे. त्या रेघांवरून ठसा उमटलेला असतो, त्यामुळे अक्षरं आणि तारे रेघांच्या वर बसलेले दिसतात. नंतर कोणी खरवडलं असेल तर रेघ अक्षराच्या अंगावरून जाते. भिंगाखाली हा फरक एकदा बघितला की परत विसरायला होत नाही. भाईंनी "बरें पळय, मागीर उलय" (नीट बघ, मग बोल) म्हणून मला नुसतं बघायला लावलं, बराच वेळ, मग विचारलं काय दिसतं.

ठसेही तेव्हा हातानेच, एकेक तारा वेगळा ठोकून बसवलेला. त्यामुळे दोन ठसे कधीच सारखे नसतात, आणि संग्राहक पुढचा कुठला ठसा मागच्या कुठल्या ठशाबरोबर वापरलाय यावरून जोड्या ओळखतात, त्यांना बीडी (बास आणि डॅनरॉयटर यांच्या यादीतले) नंबर असतात. १७९५ च्या ईगलवर गरुडाच्या पायाखालच्या फांदीला बहुतेक नाण्यांत तेरा पानं असतात आणि काहींत नऊ, नऊवालं फार दुर्मिळ. ताऱ्यांचंही तसंच, १७९५ ला पंधरा, मग टेनेसी राज्य आलं म्हणून सोळा. रॉबर्ट स्कॉटने ही चित्रं केली. त्या नाण्यांवर किंमत लिहिलेलीच नाही हे किती जणांच्या लक्षात येतं? पाच डॉलरवर ५ डी हे १८०७ पासून दिसायला लागलं, जॉन राइशने डावीकडे बघणारी लिबर्टी केली तेव्हा. त्याच्या आधीचं नाणं लोक वजनावरून आणि आकारावरूनच ओळखत होते. कोणी तुम्हाला १७९८ सालचं आणि ५ डी लिहिलेलं दाखवलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

दुकानात अमेरिकन सोनं म्हणाल तर एकच होतं, १८३४ चं क्लासिक हेड, म्हणजे त्या नावाच्या नव्या चित्राचं नाणं, ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकमध्ये. हे सुरुवातीच्या काळाच्या लगेच नंतरचं. १८३४ च्या ऑगस्टपासून वजन कमी केलं, हाफ ईगल ८.३६ ग्रॅम, कस पण थोडा उतरवला. जुन्यात आठ ग्रॅमच्या किंचित वर शुद्ध सोनं आणि नव्यात साडेसात, म्हणजे जुनं पाच डॉलरचं नाणं वितळवलं की पाचाच्या वर पैसे सुटायचे, मग उरलीसुरली जुनी नाणीही भट्टीत गेली. १८२२ ची तीनच का राहिली याचं अर्धं उत्तर हे. जुनं नवं एका नजरेत ओळखता यावं म्हणून विल्यम नीसच्या नव्या नाण्यावर गरुडाच्या डोक्यावरची लॅटिन अक्षरांची पट्टीच काढून टाकली. माझ्या मते आपल्यासारख्याला पहिलं अमेरिकन सोनं घ्यायचंच असेल तर हेच क्लासिक हेड घ्यावं, सोन्याच्या भावाच्या फार वर जात नाही आणि कथा पूर्ण त्यातच आहे. १७९५ वगैरेसाठी दहा हजार डॉलरच्या खूप वर जायची तयारी पाहिजे.

सीलबंद नाण्यांबद्दल भाई कडक आहेत. अमेरिकन जुनं सोनं उघडं घ्यायचं नाही, पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांच्या डबीतलंच. पण डब्यासुद्धा नकली निघतात, म्हणून डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकायचा, फोटो असेल तर तो उघडायचा आणि डाग, खाच, कानशीची रेघ एकेक जुळवायची. नंबर खरा आणि नाणं दुसरंच असं होऊ शकतं. भाईंनी हे माझ्यासमोर त्यांच्याच क्लासिक हेडवर करून दाखवलं, विकणाऱ्याने स्वतःच्या मालाची अशी उलटतपासणी गिऱ्हाइकाकडून करून घेतली हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मी काय घेतलं? तो जो. त्याला वरच्या कडेला कुठल्यातरी शेटाने, म्हणजे सोनाराने, पूर्वी कडी लावली होती, नंतर काढलीय, झाळण दिसते भिंगातून. भाईंनी ते स्वतःहून दाखवलं आणि त्यामुळेच किंमत खाली ठेवली, सोन्याच्या भावावर साधारण तीस टक्के जास्त. आपल्याकडे सोन्याचं नाणं म्हणजे गळ्यात घालायचं, पुतळ्यांची माळ तर घराघरांत, त्यामुळे कडीची खूण नसलेलं नाणं इथे कमीच भेटणार. मला तरी ती झाळण आवडते, म्हणजे हे नाणं इथल्या कोणाच्या तरी अंगावर होतं.

बाकी माल पोर्तुगीज इंडियाचा भरपूर, चांदीचे रुपये, तांब्याच्या तांगा, आणि गोव्याच्या टांकसाळीचे सोन्याचे शेराफीन दोनच, क्रूसाचे, पण ते विकायचे नाहीत म्हणाले, नुसते बघा. बघा मात्र जरूर. आणि मडगावहून पणजीला गेलात तर मुख्य पोस्टाजवळची कासा द मोएदाची इमारत बाहेरून तरी बघून या, १८३४ मध्ये टांकसाळ तिथे आली होती.

आता खटकलेल्या गोष्टी. उजेड फार वाईट आहे, एक ट्यूब आणि एक टेबल लॅम्प, रंग नीट बघायचा तर नाणं दारात आणावं लागतं आणि सोनं दारात उभं राहून बघायला मला बरं वाटत नाही. कशावरही किंमत लिहिलेली नाही, विचारत बसावं लागतं, लाजाळू माणसाचं अवघड आहे. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे स्वस्तातली नाणी भाई अजून मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत देतात, त्या प्लास्टिकमधून काही वर्षांनी हिरवट चिकट थर सुटतो आणि चांदी तांब्याची वाट लागते. मी त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण पाकिटं अजून तीच आहेत. तुम्ही जाताना मायलरची पाकिटं स्वतःची घेऊन जा. आणि घाई असेल तर जाऊच नका, एका गिऱ्हाइकाचं झाल्याशिवाय ते दुसऱ्याकडे बघत नाहीत.

बिल पक्कं देतात, पॅन मागतात जिथे लागतं तिथे, दोन लाख आणि वर रोख घेत नाहीत कारण कायद्यानेच चालत नाही. अजून एक, इथे घेतलेलं जुनं नाणं ग्रेडिंगला परदेशी पाठवू असा विचार असेल तर थांबा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू धरतात आणि ते देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, कुरिअरवाला घेतो म्हणाला तरी देऊ नका.

दुपारी एक ते चार बंद, रविवारी बंद, चतुर्थीला पाच दिवस बंद. मुंबईहून कोकणकन्येने येणार असाल तर सकाळी उतरून थेट गेलात तरी एकच्या आधी निवांत बसायला मिळतं. जायच्या आदल्या दिवशी फोन करा, कारण सोनं दुकानात कायम नसतं, सांगितलं तरच लॉकरमधून काढून आणतात.